पट्टा लावल्याशिवाय शिडी चढू नकोस

कुपवाड एमआयडीसीत नवीन लागलायस म्हणून सांगतो. हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवू नकोस, हनुवटीखालचा पट्टा लाव. पाय घसरला की हेल्मेट आधी उडतं आणि डोकं फरशीवर येतं. आमच्या शेडमधल्या एका पोराचं तसंच झालं. हेल्मेटच्या आतल्या पट्ट्या आणि बाहेरचं कडक कवच यांच्यात मोकळी जागा असते ना, तीच मार झेलते. तिथं रुमाल, तंबाखूची पुडी कोंबू नकोस. आयएस २९२५, म्हणजे कारखान्यातल्या हेल्मेटसाठीचं भारतीय मानक, त्याचा शिक्का बघून घे. जोरात मार बसलेलं हेल्मेट धड दिसलं तरी टाकून दे.

डोक्याला लागलंच, तर ‘काही नाही झालं’ म्हणत घरी जाऊ नकोस. ओकारी, झापड, वाढती डोकेदुखी, अडखळती जीभ, काहीही दिसलं की लगेच दवाखाना. कवटीच्या आत रक्त कधीकधी हळूहळू साचतं, त्रास दोन-तीन आठवड्यांनीही सुरू होतो.

आमच्या शेडमधलं ते पोरगं महिन्याभरात चालायला लागलं, पण बोल्ट मोजताना पाचाच्या पुढं आकडा हरवायचा. फिजिओथेरपी सगळ्यांना पटते. विसरणं, चिडणं हा पण दुखण्याचाच भाग आहे, हे घरच्यांना उशिरा कळतं. त्याच्या आईनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं: चहा, गोळी, व्यायाम, झोप. एकेक झालं की तो स्वतः पुसायचा. कामावर परतला तेव्हा डॉक्टरांना विचारून आधी दोनच तास, तेही मशीनपासून लांब.