उंच मुलीला केवळ बास्केटखाली उभे करू नका

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. तिची उंची १८२ सेंटिमीटर आहे आणि जिल्हा बास्केटबॉल संघात ती सेंटर (बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू) म्हणून खेळते. एवढी उंची असल्यावर बाकी काही लागत नाही, तिला आत्ताच परराज्यातील निवासी अकादमीत पाठवा, असे प्रशिक्षक म्हणतात. अलीकडे सरावानंतर तिचे गुडघे दुखतात. अकरावीला गणित सोडले तर चालेल का? – एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या कन्येची उंची ही मोठी देणगी आहे, परंतु ‘बाकी काही लागत नाही’ हे मत मला मुळीच मान्य नाही. शालेय स्पर्धांत समोरच्या मुली तिच्या खांद्याला लागतात, त्यामुळे ती रिबाउंड (नेम चुकून परतलेला चेंडू) घेऊन जागेवरूनच गुण मिळवते, संघ जिंकतो आणि तिला चेंडू हाताळायला शिकवण्याची निकड कोणालाच भासत नाही. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत मात्र तिच्याएवढ्या उंचीच्या आणि अधिक ताकदीच्या खेळाडू समोर येतात, आणि तेव्हा डाव्या हाताने ड्रिबल करता, म्हणजे चेंडू टप्पे देत पुढे नेता, न येणारी सेंटर बाकावर बसते. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू अँथनी डेव्हिस शाळेत असताना गार्ड (बाहेरून चेंडू हाताळणारा खेळाडू) म्हणून खेळत होता. पुढे त्याची उंची झपाट्याने वाढून दोन मीटरच्या पुढे गेली, पण हातातले कौशल्य टिकले, आणि एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या २०१२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याची निवड सर्वांत आधी झाली. म्हणून पुढील दोन वर्षे सरावात तरी तिला बाहेरून, रिंगकडे तोंड करून खेळू द्यावे, असा आग्रह आपण प्रशिक्षकांकडे नम्रपणे पण ठामपणे धरावा.

गुडघ्यांचे दुखणे अंगावर काढू नका. वाढीच्या वयात वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावरील उंचवट्याशी दुखत असेल, तर वारंवार उड्या मारल्याने तेथे ताण पडत असण्याची शक्यता असते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून सरावाचे प्रमाण ठरवून घ्यावे. त्यांनी परवानगी दिल्यानंतर तिला फूटभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. पाय टेकताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील, तर योग्य पद्धतीने उतरण्याचे शिक्षण तिला फिजिओथेरपिस्टकडून मिळायलाच हवे, कारण गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचा धोका या खेळात मुलांपेक्षा मुलींना बराच अधिक असतो आणि त्या एका दुखापतीत अख्खा हंगाम जातो. हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे. दमणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्याची घाई आपल्याकडे फार होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अकादमीत पाठवण्यापूर्वी तेथे शाळा कोणती, महिला वॉर्डन आहे का, फिजिओथेरपिस्ट नियमित येतो का आणि उंच मुलींना चेंडू हाताळणे कोण शिकवते, हे स्वतः जाऊन पाहावे. उत्तरे समाधानकारक नसतील, तर दहावी साताऱ्यातच होऊ द्यावी. एका वर्षाने काही बिघडत नाही.

आपल्या देशात महिला बास्केटबॉलपटूला स्थिर रोजगार देणारी सर्वांत मोठी संस्था रेल्वे आहे. केरळची गीतू अॅना जोस दक्षिण रेल्वेत नोकरी करत भारताकडून खेळली, ऑस्ट्रेलियात व्यावसायिक संघाकडून खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीए या अमेरिकी महिला लीगच्या निवड चाचण्यांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, म्हणून प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र आजपासून जपून ठेवा.

गणित मात्र सोडू नये. अमेरिकेतील महाविद्यालयीन शिष्यवृत्तीचा विचार पुढे कधी झाला, तर तेथील एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या दोन विभागांत पात्रतेसाठी नववी ते बारावीतील १६ मूलभूत विषय-अभ्यासक्रमांचे गुण पाहिले जातात आणि त्यांत गणिताला स्वतंत्र स्थान आहे. म्हणजेच नववीचे आणि दहावीचे गुणही त्यात धरले जातील. तेव्हा येत्या परीक्षेपर्यंत सरावाच्या वेळा तिच्या अभ्यासाशी जुळवून घ्याव्यात.