‘शिलेदार’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो ‘बारगीर’हून वेगळा कसा?

‘शिलेदार’ म्हणजे शब्दशः शस्त्रधारी. मराठ्यांच्या घोडदळात मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणाऱ्या स्वाराला हे नाव होते. हा शब्द फारसी ‘सिलाहदार’वरून आला असून त्यातील ‘सिलाह’ (शस्त्र) हा भाग अरबी, तर ‘दार’ (बाळगणारा) हा प्रत्यय फारसी आहे. म्हणूनच ‘शिला’ किंवा ‘शील’ यांच्याशी त्याचा संबंध जोडणे चूक ठरते. याउलट ‘बारगीर’ला घोडा सरकारी पागेतून मिळे. फारसीत ‘बारगीर’ म्हणजे ओझे वाहणारे जनावर, आणि त्या जनावराचे नाव पुढे त्यावर बसणाऱ्या माणसाला लागले, ही अर्थाची वाटचाल मला विशेष लक्षणीय वाटते. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पागेच्या या थेट ताब्यातील फौजेवर महाराजांचा भर अधिक होता. नागपूरकर भोसल्यांच्या १७४२ नंतरच्या स्वाऱ्यांमुळे हाच शब्द बंगालीत ‘बोर्गी’ होऊन रुजला आणि तेथील अंगाईगीतात आजही ऐकू येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ‘निष्ठावान साथीदार’ हा ‘शिलेदार’चा आजचा अर्थ लाक्षणिक आहे, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत हा शब्द आढळल्यास तेथे निष्ठेपेक्षा घोड्याच्या मालकीचा बोध घ्यावा.