पानं आधी वाळवा, मग चिकटवा

कागदावर पानं चिकटवून चित्र करायला घेतलंत आणि पहिल्याच प्रयत्नात ती काळी पडली, म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही ओली पानं तशीच चिकटवलीत, एवढंच झालं. पान वेचल्यावर पुसून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, वर जाड पुस्तकांचा भार द्या आणि पहिले काही दिवस रोज कागद बदला. कागद ओल शोषतो, तो दमट राहिला की बुरशी धरते. पातळ पानं आठवडाभरात होतात, जाड पानांना दोन-तीन आठवडे लागतात. गुळगुळीत छापील मासिक मात्र नको, ते ओल शोषत नाही.

डिंक पानावर थापू नका. कागदावर ब्रशने पातळ हात फिरवा, वर पान ठेवून हलकेच दाबा. जास्त डिंकाने कागद सुरकुततो, आणि ते बघून मला अजूनही वाईट वाटतं.

आजच काही हवं असेल तर अंड्याची टरफलं घ्या. साबणाने धुवा, आतला पापुद्रा काढा, वाळवून रंगवा. पुठ्ठ्यावर डिंक लावून तुकडा ठेवा आणि बोटाने दाबून तिथेच फोडा. भेगा आपोआप सुंदर पडतात. मुलं सोबत असतील तर हेच आधी करा, तासाभरात चित्र हातात येतं.