‘पहिली’, पण कुठल्या वहीत?

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजींवर शाळेत फलक लावायचा आहे. पहिल्या महिला वकील झाल्याचं वर्ष कुठे १८९२ सापडतं, कुठे १८९७, कुठे १९२१, तर कुठे १९२३. लिहायचं कुठलं? (एक शिक्षिका, नाशिक)

चारही वर्षं खरी आहेत, पण ती चार वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १८९२ हे ऑक्सफर्डमध्ये बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिल्याचं वर्ष. स्त्रीला त्या परीक्षेला बसू द्यायला विद्यापीठाला खास ठराव करावा लागला आणि पदवी हातात पडली ती थेट १९२२ मध्ये. १८९७ हे मुंबई विद्यापीठाच्या एलएलबीचं. पुढे अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही त्या पास झाल्या, तरी सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, नाहीच. १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अशा इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, पडदानशीन विधवांच्या आणि अल्पवयीन वारसांच्या इस्टेटींचं काम बघत होत्या. सल्ला द्यायला मुभा होती. वकील म्हणून कोर्टात उभं राहायला नव्हती. सनद मिळाली २४ ऑगस्ट १९२१ ला, अलाहाबाद हायकोर्टाची. १९२३ हे लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्याचं वर्ष.

फलकावर ‘१८६६ साली नाशिकला जन्म, १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाची सनद’ एवढं लिहा. ‘महाराष्ट्रातील पहिल्या महिला वकील’ मात्र लिहू नका. त्यांची सनद मुंबईची नव्हती.

प्रश्न : परीक्षा पास होऊनही सनद नाकारायला कायद्याचा आधार काय होता? (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

आधार एका शब्दाच्या अर्थाचा होता. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये वकिलासाठी ‘व्यक्ती’ हा शब्द होता आणि पुढची सर्वनामं पुल्लिंगी होती. दुसरीकडे, पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात, असं जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा ते ठरवणारा कायदा, सांगत होता. फक्त विषय किंवा संदर्भ आडवा येत नसेल तर. रेजिना गुहा एमए आणि बीएल (कायद्याची पदवी) होत्या. त्यांनी अलीपूरच्या जिल्हा कोर्टात वकिलीसाठी अर्ज केला तेव्हा, १९१६ मध्ये, कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी नेमका तो ‘संदर्भ’च आडवा आणला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुरुषच होते, असं म्हणून अर्ज फेटाळला. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरांनाही तेच उत्तर मिळालं. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र सोराबजींना घेतलं. म्हणजे कायदा एक, पण सनद मिळणार की नाही हे तुम्ही कुठल्या शहरात अर्ज करता त्यावर!

हा घोळ १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्टने मिटवला. केवळ स्त्री आहे एवढ्या कारणावरून कुणालाही सनद नाकारता येणार नाही, हे त्याचं सार. मूटकोर्टासाठी (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यासाठी) विषय शोधत असाल तर गुहांचा निवाडा मुळातून वाचा. निष्कर्ष आधी ठरवून मग अर्थ कसा लावला जातो, हे त्यात ओळीओळीला दिसतं.

प्रश्न : मग मुंबई हायकोर्टात पहिली कोण? आणि न्यायाधीश व्हायला इतकी वर्षं का लागली? (एक वाचक, ठाणे)

मिठान टाटा, लग्नानंतरच्या मिठान लाम. त्या १९२३ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि परत येऊन मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. सुरुवातीच्या एका अशिलाने त्यांना निवडलं ते का, तर दावा जिंकणार याची त्याला खात्रीच होती. प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्कीही यावी, एवढीच त्याची इच्छा! १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ (शहराचं एक मानाचं पद) झाल्या.

हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर, १९७८ मध्ये. मधली ५५ वर्षं नुसत्या पूर्वग्रहाने गेली असं म्हटलं की कारण अर्धंच कळतं. राज्यघटनेच्या २१७ व्या कलमानुसार न्यायाधीश व्हायला हायकोर्टातली किमान १० वर्षांची वकिली लागते, किंवा तितकीच वर्षं न्यायिक पद. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, तेव्हा अशील थेट बॅरिस्टरकडे जात नसे. ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, सॉलिसिटरकडून यायची. सॉलिसिटरने ब्रीफ दिली नाही तर सनद असूनही बाई ग्रंथालयात बसून राहणार. काम नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून शिफारस नाही. आमच्या मते खरी अडवणूक या टप्प्यावर झाली, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला कुठला निवाडाही हाताशी नव्हता.

केरळमध्ये अ‍ॅना चांडी १९५९ मध्येच हायकोर्टात पोहोचल्या, पण वाट दुसरी होती. १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानाने त्यांना मुन्सफ (खालच्या दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश) नेमलं, १९४८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या आणि तिथून वर गेल्या. देशातल्या पहिल्या त्या, मनोहर मुंबईतल्या. १९९४ मध्ये मनोहर मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्तीही झाल्या आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा १९९७ चा विशाखा निवाडा देणाऱ्या तिघांत त्या होत्या.

प्रश्न : आमची आजी १९४० च्या दशकात वकिली करायची. ‘जिल्ह्यातली पहिली’ असं घरात म्हणतात. खात्री कशी करू? (एक वाचक, सातारा)

पदवीवरून ठरवू नका. एलएलबी होऊनही सनद न घेतलेल्या अनेक जणी असतात. मूळ सनद शोधा. तिच्यावर तारीख, सनद देणारं कोर्ट आणि वर्ग बघा. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टआधी डिस्ट्रिक्ट प्लीडर, हायकोर्टाचे अ‍ॅडव्होकेट, अ‍ॅटर्नी अशा वेगवेगळ्या नोंदी असत. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन ‘पहिल्या’ निघू शकतात आणि दोन्ही खऱ्या असू शकतात.

सनद नसेल तर जिल्हा वकील संघाची जुनी सभासद नोंदवही बघा. हायकोर्टात काम केलं असेल, तर इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत आणि बॉम्बे लॉ रिपोर्टरमध्ये निवाड्याआधी दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं छापलेली असतात. शोध हमखास फसतो तो नावावर. माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं घ्या, आणि नुसती आद्याक्षरं असलेल्या नोंदी पुरुषांच्या समजून सोडू नका. सनद सापडलीच तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागच्या बाजूला शेरे-शिक्के असतील तर तेही वाचता आले पाहिजेत.