‘नाही’ ऐकायची तयारी

प्रिय मित्रा,

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. एका आदिवासी समाजाची गाणी, कथा, विणकामाचे नमुने रेकॉर्ड करायचे, त्यांच्याकडच्या आणि आपल्याकडच्या तरुणांना एकत्र बसवायचं आणि वर्षअखेरीस सगळं वेबसाइटवर खुलं करायचं. मेहनत घेतली आहेस हे दिसतं. पण त्या समाजाच्या लोकांशी पहिली भेट तू निधी मंजूर झाल्यानंतर ठेवली आहेस. म्हणजे काय करायचं ते आधीच ठरलंय, त्यांनी फक्त मान डोलवायची. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोयच नसेल, तर त्याला संवाद कशाला म्हणायचं?

‘नाहीतर हे सगळं नष्ट होईल,’ असं तू लिहिलंस. काळजी खरी आहे, पण याच वाक्याच्या आडून जगभर बरीच उचलेगिरी झालेली आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत झुनी लोक राहतात. ते ‘अहायुदा’ या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती घडवतात आणि उघड्यावरच्या देवस्थानात नेऊन ठेवतात. ऊन, वारा, पाऊस खाऊन त्या झिजाव्यात, मातीत मिसळाव्यात, हेच अपेक्षित असतं. नवी मूर्ती आली की जुनी शेजारच्या ढिगात जाते आणि तिथेही तिला कुणी हात लावत नाही. संग्राहकांनी या मूर्ती उचलून नेल्या आणि संग्रहालयांनी त्या काचेआड जपल्या. त्यांच्या लेखी ते रक्षण होतं. झुनींच्या लेखी देवता कोंडून ठेवली होती, आणि त्याचे परिणाम साऱ्या जगाला भोगावे लागणार होते.

१९७८ पासून झुनी धर्मप्रमुखांनी संग्रहालयांशी आणि विक्रेत्यांशी बोलणी सुरू केली. त्यांचा मुद्दा साधा होता: मूर्ती साऱ्या समाजाची, ती विकण्याचा किंवा देण्याचा अधिकार कुणा एकाला नव्हताच, तेव्हा देवस्थानातून बाहेर गेलेली प्रत्येक मूर्ती चोरीची. कोर्टकचेऱ्यांपेक्षा भर समजावण्यावर होता. कितीतरी मूर्ती परत आल्या. पुन्हा चोरी होऊ नये म्हणून बंदोबस्त केला, पण मूर्तींना ऊन-पाऊस लागेल असा. आयुष्यभर लाकडाला वाळवीपासून वाचवणाऱ्या संवर्धकाला हे पचवणं किती जड गेलं असेल! तरी कित्येकांनी पचवलं. तुझ्या प्रकल्पात असं काही घडलं, तर तो यशस्वी झाला असं मी म्हणेन.

आता संमतीपत्राबद्दल. एकदा सही घेतली की काम झालं, असं तुझ्या मसुद्यावरून वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या योल्ङू या आदिवासी समाजाच्या एका चित्रकर्तीने आपलं एक पवित्र चित्र शैक्षणिक कामासाठी छापू दिलं होतं. पुढे एका व्यापाऱ्याने तेच चित्र, इतर आदिवासी कलाकारांच्या चित्रांसोबत, गालिच्यांवर उतरवून विकायला आणलं. म्हणजे लोक त्यावर पाय देणार. शिवाय चित्र तिच्या हातचं असलं तरी त्यातली कथा तिच्या कुळाची. त्या कथेचा गैरवापर झाला की कुळाला जाब चित्रकर्तीलाच द्यावा लागणार. १९९४ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कलाकारांच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई ठरवताना ही सांस्कृतिक हानीही मोजली. (तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या अनेक समाजांत माणूस गेल्यावर त्याचं नाव उच्चारणं टाळतात.) त्यामुळे संमती कशासाठी, कुठवर आणि कुणाच्या वतीने, हे दर वेळी विचारावं लागतं. आणि दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातलं ३१ वं कलम तू उद्धृत केलं आहेस, ठीक आहे. आपला वारसा जपायचा आणि त्यावर नियंत्रण ठेवायचा आदिवासी समाजांचा हक्क त्यात आहेच. पण त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांची २०१७ ची आचारसंहिता वाच. संशोधकांनी कसं वागावं हे तिथे त्या लोकांनी स्वतः लिहिलंय: प्रामाणिक राहा, कळेल अशा भाषेत बोला, दिलेला शब्द पाळा. चारदोन पानांचा मजकूर आहे, बहुतेक संस्थांच्या जाडजूड धोरणांपेक्षा कामाचा.

वेबसाइटचं म्हणशील तर ‘सगळ्यांना सगळं खुलं’ हा हट्ट सोड. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांसोबत काम करताना ‘मुकुर्तु’ हे मोफत सॉफ्टवेअर आकाराला आलं. काही गोष्टी फक्त बायकांनी पाहायच्या, काही एखाद्या कुटुंबापुरत्या, असे समाजाचे नियम त्यात बसवता येतात. तुझ्या प्रकल्पातल्या लोकांची अंगाईगीत जगाला ऐकवायला हरकत नसेल, पण अंत्यविधीचं गाणं रेकॉर्डच करू नका म्हणतील. तेव्हा रेकॉर्डर बंद करायचा, आणि ‘निदान संग्रहासाठी तरी’ अशी गळ घालायची नाही.

आणखी एक, तुझ्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याचं भाडं आहे, पण गाणाऱ्यांचं मानधन नाही. ते आधी घाल. वेळापत्रकात पहिले काही महिने नुसत्या भेटीगाठींसाठी मोकळे ठेव. निधी देणारे कुरकुरतील, त्यांना मी समजावते. दुसरा मसुदा मला पाठवायची घाई करू नकोस. आधी तो त्या समाजाच्या लोकांपुढे वाच, त्यांच्या भाषेत, आणि ते जे खोडायला सांगतील ते खोडून मगच माझ्याकडे धाड.

सस्नेह,
तुझी ताई