जीसीसीने कंपाइल केलेला बिलिंग प्रोग्राम विकला तर सोर्स कोड द्यावा लागतो का?

नाही, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीला तुम्ही जो प्रोग्राम विकताय तो निव्वळ जीसीसीने (लिहिलेला कोड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलणाऱ्या कंपायलरने) कंपाइल केला म्हणून जीपीएलखाली, म्हणजे प्रोग्रामसोबत सोर्सही द्यायला लावणाऱ्या लायसन्सखाली, येत नाही. हवी ती किंमत लावा, सोर्स स्वतःकडे ठेवा. जीपीएल आवृत्ती ३ चं कलम २ वाचा: आउटपुटला, म्हणजे प्रोग्राम चालवून जे तयार होतं त्याला, लायसन्स तेव्हाच लागतं, जेव्हा त्यातला मजकूरच त्या लायसन्सखालचा असतो. आता जीसीसी आपल्या लिबजीसीसी या लायब्ररीचे (तयार कोडच्या संचाचे) तुकडे तुमच्या बायनरीत, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलीत, घालतं हे खरं, पण त्याला रनटाइम लायब्ररी एक्सेप्शनची सूट आहे (आवृत्ती ३.१, २००९). एडिटर कुठला वापरलात, याचा तर काडीचाही संबंध नाही.

खरी मेख तुम्ही स्वतः जोडता त्या लायब्ररीत आहे. टाइप केलेली ओळ वाचणारी रीडलाइन ही लायब्ररी जीपीएलखाली आहे. ती लिंक करून प्रोग्राम दिलात की अख्खा प्रोग्राम जीपीएलच्या अटींवर द्यावा लागतो. खिडक्या-बटणं बनवायच्या क्यूटी लायब्ररीचा बराचसा भाग एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली, म्हणजे डायनॅमिक लिंक करा (लायब्ररी वेगळ्या फाइलीत ठेवून जोडा), लायसन्सची प्रत जोडा आणि गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलता येईल असं ठेवा, तुमचा कोड तुमचाच राहतो. पण महिन्याच्या विक्रीचा आलेख काढायला क्यूटी चार्ट्स घेतलंत तर सांभाळून, त्याची फुकट आवृत्ती जीपीएलखाली आहे. तशी वेळ आलीच तरी सोर्स द्यायचा तो प्रोग्राम घेणाऱ्याला, अख्ख्या बेळगावाला नव्हे. बिल कन्नड-मराठीत छापायला नोटो फाँट वापरलात, तर छापील बिलावर फाँटच्या लायसन्सचं बंधन येत नाही.