डेड बाय डेलाइटमध्ये नवख्या सर्व्हायव्हरने कधी लपावे आणि लपणे कधी सोडावे?

आपण विचारले आहे की, ‘डेड बाय डेलाइट’ खेळायला लागून आपल्याला पंधरा दिवस झाले, सर्व्हायव्हर म्हणून आपण अतिशय जपून, बहुतेक वेळ लपूनच खेळता, आणि तरीही जवळजवळ प्रत्येक सामन्यात हुकवर टांगले जाता; तेव्हा टिकून राहण्यासाठी नवख्याने नेमके काय करावे? आपल्या वर्णनावरून मला असे वाटते की आपण नको त्या वेळी लपता आणि लपायला हवे तेव्हा घाबरून पळता. सुरुवातीचे दोन महिने मीही हेच करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॉन्ट्रियलच्या बिहेविअर इंटरॅक्टिव्ह कंपनीने २०१६ साली आणलेल्या या खेळात एका किलरविरुद्ध (मारेकऱ्याविरुद्ध) चार सर्व्हायव्हर असतात. किलर त्यांना गाठून हुकवर टांगतो, आणि त्यांना जनरेटर दुरुस्त करून मैदानाबाहेर निसटायचे असते. मैदानावर सात जनरेटर असतात. त्यांपैकी पाच दुरुस्त झाले की बाहेर पडण्याच्या दोन दारांना वीज मिळते. एकट्याने एक जनरेटर दुरुस्त करायला ९० सेकंद लागतात. अपडेटनुसार असे आकडे बदलत असतात, पण हिशेब तोच राहतो: पाच जनरेटर म्हणजे ४५० सेकंदांचे काम, आणि ते चौघांत वाटले गेले तर सामना सुटतो. एक जण कोपऱ्यात बसून राहिला, तर तेच काम तिघांवर पडते, आणि त्या तिघांपैकी एकाच्या मागे किलर असतो.

म्हणून लपणे हे वेळेच्या हिशेबातच बसवायला हवे. माझ्या पहिल्या आठवड्यातला एक सामना मला अजून आठवतो. किलर जवळपास असल्याची खूण म्हणून खेळात वाजणारे हृदयाचे ठोके लांबून ऐकू आले की मी लॉकरमध्ये शिरत असे आणि ते थांबल्यावरही बराच वेळ आतच राहत असे. त्या सामन्यात मी सर्वांत शेवटपर्यंत जिवंत होते, परंतु तोवर एकच जनरेटर दुरुस्त झाला होता, बाकी तिघे गेले होते आणि किलरला माझ्याखेरीज दुसरे कोणी शोधायचेच उरले नव्हते. एकाच जागी फार वेळ निष्क्रिय राहिल्यास डोक्याभोवती कावळे घिरट्या घालू लागतात, अशी योजना तर खेळातच आहे.

आता लपण्याची योग्य वेळ कोणती ते पाहू. बहुतेक किलरांच्या भोवती ३२ मीटरपर्यंत ‘टेरर रेडियस’ असतो, म्हणजे त्या अंतरात आल्यावर आपल्याला हृदयाचे ठोके ऐकू येतात. बहुतेक किलर सेकंदाला ४.६ मीटर चालतात. ठोके सुरू झाले त्या क्षणी किलर सरळ आपल्याकडेच निघाला असेल, तरी आपल्याजवळ पोहोचायला त्याला सुमारे सात सेकंद लागतील. हे सात सेकंद पळण्यासाठी वापरू नका, ऐकण्यासाठी वापरा. ठोके मंदच राहिले तर तो बाजूने चालला आहे, काम चालू ठेवा. ते जलद होऊ लागले तर जनरेटर सोडा. सोडल्याने झालेले काम वाया जात नाही. किलरने जनरेटरला लाथ मारली तरच ते मागे जाऊ लागते. मात्र स्किल चेक, म्हणजे नेमक्या क्षणी बटण दाबण्याची छोटी चाचणी, समोर आलेला असताना हात काढू नका, कारण तो चुकल्यास जनरेटरचा स्फोट होतो, दहा टक्के काम जाते आणि आवाजाची खूण थेट किलरला दिसते.

जनरेटर सोडल्यावर धावायचे नाही, चालायचे. नवखे खेळाडू सर्वांत जास्त याच ठिकाणी सापडतात. धावणाऱ्या सर्व्हायव्हरच्या मागे लालसर ओरखडे उमटतात आणि ते काही सेकंद किलरला स्पष्ट दिसतात. चालल्याने किंवा वाकून सरकल्याने ते उमटत नाहीत. त्याचप्रमाणे खिडकीवरून धावत उडी मारली किंवा घाईने लॉकरमध्ये शिरलात, तर त्या आवाजाचीही खूण किलरला मिळते. तीच कृती सावकाश केली तर मिळत नाही.

लपण्यासाठी जागा निवडताना लॉकरपेक्षा जाड झाड, मोठा खडक किंवा भिंतीचा तुकडा मी नेहमीच पसंत करते. कारण असे की किलर स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, तर आपला कॅमेरा आपल्या मागे आणि थोडा वर असतो, त्यामुळे आडोशामागे उभे राहूनही आपल्याला पलीकडचे दिसते. समजा, आपण झाडाला पाठ लावून उभे आहात. ठोके वाढत जातात, मग किलरच्या पुढे पडणारा लाल उजेड गवतावर सरकताना दिसतो. उजेड डावीकडून येत असेल तर आपण उजवीकडे, त्याच्याच गतीने, झाडाभोवती पावलापावलाने फिरायचे; झाड सतत दोघांच्या मध्ये राहिले पाहिजे. तो जनरेटरपाशी जातो, क्षणभर थांबतो, लाथ मारतो आणि निघून जातो. ठोके मंद होऊ लागले की लगेच परत कामाला लागायचे. एवढे एक झाडाभोवतीचे फिरणे जमले, तर आपला खेळ महिनाभरात ओळखू येणार नाही इतका बदलेल.

ठोक्यांवर सर्वस्वी विसंबू नका, कारण प्रत्येक किलर निराळा. रेथ घंटा वाजवून अदृश्य होतो आणि त्या अवस्थेत त्याचे ठोके ऐकूच येत नाहीत. तिथे घंटेचा आवाज आणि हवेतली किंचित थरथर यांकडे लक्ष द्यावे लागते. हंट्रेसचे गुणगुणणे मात्र ठोक्यांच्या आधी कानी पडते, आणि ती कुऱ्हाडी फेकत असल्याने तिच्यापासून लपताना उंच आडोसा हवा. ट्रॅपर असेल तर दाट गवतातून जपून जावे, कारण त्याचे सापळे बहुधा तिथेच दडवलेले असतात. यासाठी साधे का होईना, पण हेडफोन वापरा.

किलरने आपल्याला पाहिले, की मात्र लपण्याचा विचार सोडून द्यावा. इथे थोडे गणित करू. सर्व्हायव्हर सेकंदाला ४ मीटर धावतो, म्हणजे किलर दर सेकंदाला ०.६ मीटरने अंतर कापतो. आपण त्याच्या १२ मीटर पुढे असाल, तर मोकळ्या मैदानातही त्याला आपल्याला गाठायला २० सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात इतर तिघे जनरेटरवर असतील तर त्यांचे मिळून ६० सेकंदांचे काम होते. वाटेत एक पॅलेट (किलरची वाट अडवणारी लाकडी फळी) पाडले किंवा एखाद्या खिडकीभोवती दोन फेऱ्या घेतल्या, तर याच वेळात भर पडते. म्हणून पाठलागात सापडणे हे अपयश समजू नका. किलरचा वेळ खाणे हेच त्या वेळी आपले काम असते. पळताना कामात गुंतलेल्या सोबत्यांच्या दिशेने मात्र जाऊ नये. पहिला वार बसला की आपला वेग क्षणभर वाढतो आणि किलर शस्त्र पुसत थांबतो. त्या संधीचा उपयोग पुढच्या पॅलेटपर्यंत पोहोचण्यासाठी करा.

जखमी झाल्यावर आपण कण्हत असतो आणि रक्ताचे डाग मागे राहतात, त्यामुळे जखमी अवस्थेत गवतात दडून फारसा उपयोग होत नाही. सोबती शोधून मलमपट्टी करून घ्यावी, तिला १६ सेकंद लागतात. हुकवर तिसऱ्यांदा टांगला गेलेला खेळाडू लगेच संपतो, म्हणून आतापर्यंत कोण किती वेळा टांगला गेला हे लक्षात ठेवा आणि ज्याची एकच संधी उरली आहे त्याच्याऐवजी पाठलाग स्वतःवर ओढवून घ्या. सोबत्याला सोडवायला जाताना लहानपणीचा डबा ऐसपैस आठवावा: राज्य असलेला गडी डबा सोडून किती लांब गेला आहे हे पाहिल्याशिवाय तिथे कोणी धावत नसे. किलर जवळच घुटमळत असेल तर थांबा आणि तेवढ्यात एखादे जनरेटर पुढे सरकवा. तो हुकपाशीच ठाण मांडून बसला, तर टांगलेल्याला स्वतःहून सुटता यावे अशी सोय आता खेळात आहे.

पर्कबद्दल, म्हणजे सर्व्हायव्हरला लावता येणाऱ्या खास क्षमतांबद्दल, आपण विचारले नाही, पण सुरुवातीला ‘किंड्रेड’ जरूर लावा. आपण हुकवर असताना सर्व सोबत्यांना एकमेकांच्या हालचाली दिसतात आणि सोडवायला कोणी जावे याचा गोंधळ टळतो. याखेरीज किलर म्हणून दहा सामने खेळून पाहा. आपण ज्याला उत्तम लपणे समजत होतो ते पलीकडून किती उघडे दिसते, आणि निव्वळ शांतपणे चालत गेलेला माणूस किती सहज नजरेतून सुटतो, हे एरवी कळत नाही.

शेवटच्या टप्प्याविषयी दोन गोष्टी सांगते. दार उघडायला २० सेकंद लागतात आणि ते उघडताच बाहेर पडण्यासाठी दोन मिनिटांची मुदत सुरू होते, तेव्हा एखादा सोबती अजून हुकवर असेल तर दार जवळजवळ पूर्ण उघडत आणून सोडून द्यावे. यंत्रावरचे लाल दिवे पेटत जातात, त्यावरून अंदाज येतो. आणि आपण एकटेच उरलात, तर जमिनीतली हॅच, म्हणजे निसटून जाण्याची झडप, शोधा. किलरही तीच शोधत असतो, म्हणून मोकळ्यावरून पळत सुटण्याऐवजी आडोशाआडोशाने चालत राहा आणि कान उघडे ठेवा. ती जवळ आली की वारा आत ओढला जावा तसा घोंघावणारा आवाज ऐकू येतो.